लाल कुत्री, काळा कुत्रा आणि सलाईनची चक्री

मी दरवर्षी गावच्या जत्रेत मरतो. वगात मला राक्षस करतात, नाही तर दुष्ट प्रधान, आणि शेवटच्या प्रवेशात माझा वध होतो. मरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मावळात कोणी नाही, हे मी नम्रपणे सांगतो. सदऱ्याच्या आत लाल पाण्याचा फुगा बांधलेला असतो. तलवार लागली की तो कोपराने दाबायचा, दोन्ही हात वर करायचे आणि असं गिरक्या घेत पडायचं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांचे डोळे झाकले पाहिजेत. एका वर्षी लोकांनी पुन्हा मर, पुन्हा मर असा ओरडा केला, तेव्हा मी उठून, नमस्कार करून, पुन्हा मेलो. मंडप, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देणं हा माझा धंदा. मरणं ही हौस.

खरं रक्त पाहिलं की मला घेरी येते, ही गोष्ट मात्र मी गावापासून लपवून ठेवली होती. गेल्या दिवाळीत ती उघडी पडली.

लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढे गावाच्या कडेला, जिथे भातखाचरं संपतात आणि रान सुरू होतं, तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकटेच राहतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते घाटात गँगमन होते. रुळांवर घण मारून आणि बोगद्यात इंजिनांचे भोंगे ऐकून ऐकून त्यांचे कान गेले. उजव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर ऐकू येतं, डावा फक्त चष्मा अडकवायला. बायको वारल्यानंतर त्यांच्या घरात एक लाल गावठी कुत्री आली आणि तिने कानांचं काम अंगावर घेतलं. दारात कोणी आलं की ती त्यांच्या पायावर पंजा ठेवते. कुकरची शिट्टी झाली तरी ठेवते. भाऊंची डाळ कायम जास्त शिजलेली असते, कारण कुत्रीला शिट्ट्या मोजता येत नाहीत.

भाऊंची मुलगी घोरावाडीला दिलेली आहे. दर भेटीत ती म्हणायची की आबा, रानाच्या कडेला असं बहिऱ्या माणसाने एकटं राहायचं नाही, आमच्याकडे चला. भाऊंचं उत्तर ठरलेलं, कुत्री हाय तवर न्हाई. वाद घालून थकल्यावर एक दिवस मुलगीच म्हणाली, बरं, कुत्री आहे तोवर राहा, ती गेली की मी न्यायला येणार. भाऊंनी मान्य केलं. म्हणजे ते घर, ती खाचरं, पहाटे उठून त्रिशरण म्हणणं, नंतर अंगणात बसून चहा पिणं आणि मनाला येईल तेव्हा जेवणं, हे सगळं एका लाल कुत्रीच्या जिवाला बांधलेलं होतं. गावात हा करार सगळ्यांना माहीत होता.

दिवाळीच्या सुट्टीत, भात कापायला आलेलं असताना, सकाळी मी अंगणात खुर्च्यांच्या थप्प्या लावत होतो. भाऊ वाटेने येताना दिसले. कडेवर मूल घ्यावं तशी त्यांनी कुत्री घेतली होती आणि त्यांचा सदरा छातीपासून खाली लाल होता. पहिल्या क्षणी, मला सांगायला लाज वाटत नाही, मला वाटलं की हे माझी नक्कल करतायत.

"डुकरानं फाडलं," भाऊ म्हणाले. "गाडी काढ."

रानडुकराचा सुळा तिच्या मागच्या पायाला, मांडीच्या आतल्या बाजूला लागला होता. भाऊंनी घरातली सगळी हळद त्या जखमेत दाबून भरली होती आणि तिच्यातूनही रक्त येत होतं. माझ्या पिकअपमध्ये कालच्या बारशाचा मंडप घडी करून ठेवलेला होता. त्यावर कुत्री ठेवली. बांधायला काही मिळेना, म्हणून मी गुलाबी झालर फाडून दिली. भाऊंनी ती गुंडाळली, वरून मूठ दाबली आणि तिच्याशेजारी बसले. मी गाडी काढली आणि आरशात बघायचं नाही असं ठरवलं. आरसा मी आकाशाकडे वळवून ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत लोणावळ्यात सकाळपासूनच रस्ता भरतो, हे आम्हाला माहीत असतं, म्हणून आम्ही त्या दिवसांत घरातच बसतो. त्या दिवशी बसता येत नव्हतं. चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबईच्या आणि पुण्याच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि त्यांच्यात माझी पिकअप. मागून भाऊंचा आवाज येत नव्हता. कुत्रीचाही येत नव्हता. ती विव्हळत होती तोवर मला भीती वाटत होती. ती गप्प झाल्यावर काय वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि माझ्याकडे एरवी शब्दांचा तुटवडा नसतो.

शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून मला हिंदीत टायगर पॉइंटचा रस्ता विचारला. मी हात केला. त्याची नजर माझ्या हातावरून मागे गेली आणि भाऊंच्या मुठीवर थांबली. त्याने काच वर केली. मी मनात त्याला एक ठेवणीतली शिवी दिली, तेवढ्यात तो दार उघडून खाली उतरला आणि आमच्या पुढे चालायला लागला. एकेका गाडीच्या बॉनेटवर थाप मारत, बाजूला घ्या, बाजूला घ्या म्हणत त्याने आम्हाला वळणापर्यंत काढून दिलं. ती शिवी मी परत घेतली. त्याचं पुढे काय झालं, त्याला टायगर पॉइंट सापडला का, मला ठाऊक नाही.

गल्लीतल्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टरीण बाई एकट्याच होत्या. मदतनीस दिवाळीला गावी गेलेला. बाई तिशीतल्या, आवाज हळू, आणि मला पहिल्याच वाक्यात काका म्हणाल्या. एरवी मी त्यावर काहीतरी बोललो असतो.

त्यांनी कुत्रीला टेबलावर घेऊन ओठ वर केला. आतल्या हिरड्या पांढऱ्या होत्या. कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात हे मला तोवर नीट माहीत नव्हतं, कारण ज्या कुत्र्यांच्या हिरड्या मी पाहिल्या त्या पाहताना मी पळत होतो. बाईंनी हिरडीवर बोट दाबून सोडलं. दाबलेल्या जागी रंग परत यायला हवा असतो, आणि तिथे परत यायला रंगच नव्हता. मग त्यांनी चांगल्या पायाच्या मांडीत आतून बोटं ठेवली आणि डोळे मिटले. नाडी दोऱ्यासारखी लागतेय, म्हणाल्या. पंजे गार पडले होते.

जखमेवरची हळद त्यांनी वरवर पुसली, पण आत घट्ट बसलेली होती तिला हात लावला नाही. आत रक्त गोठून बूच बसलंय, ते आत्ताच काढायचं नाही, असं म्हणून त्यावर कापसाचे जाड बोळे ठेवून घट्ट पट्टी आवळली. पुढच्या पायाचे केस काढून सुई लावली. सलाईनची बाटली गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून कोमट केली होती, ती टांगली आणि नळीवरची ती छोटी चक्री फिरवली. थोडं आत गेलं की चक्री बंद. पुन्हा ओठ, पुन्हा मांडी, पुन्हा डोळे मिटून बसणं. मग आणखी थोडं, आणि पुन्हा बंद.

भाऊंना हे पटेना. इथे मला आमच्या भागाबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे डॉक्टर चांगला की वाईट हे एका गोष्टीवर ठरतं, त्याने सलाईन लावलं का. गोळ्या देऊन परत पाठवणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा कोणी जात नाही. माणूस आजारी आहे हे लोकांना बाटली टांगल्यावर खरं वाटतं, आणि बाटली संपली की तो बरा झाला असं धरून चालतात. त्यात भाऊंचा विश्वास तर अनुभवाचा. तरुणपणी घाटात दरडीचा दगड लागून ते पडले होते आणि रेल्वेच्या दवाखान्यात सलाईन लावून त्यांना वाचवलं होतं. ही हकिकत ते दर दिवाळीला सांगतात आणि दर दिवाळीला त्यातल्या बाटल्या वाढतात.

"एवढंच?" त्यांनी बाईंना विचारलं. "सोडा की भरपूर. लय रगात गेलंय तिचं."

बाई त्यांच्या उजव्या कानाशी वाकल्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या आपोआप लक्षात आलं होतं.

"आबा, नळ्या अगदी रिकाम्या राहिल्या तर काळीज नुसतंच धडधडत राहतं, म्हणून हे थोडं दिलं. पण हे खारं पाणी आहे. अंगाला श्वास पोचवायचं काम रक्त करतं, पाणी नाही करू शकत. जास्त सोडलं तर उरलेलं रक्त पातळ होईल. आणि आतला जोर वाढला की ते बूच उडेल."

भाऊंनी मान हलवली. ऐकू आलं नाही तरी ते मान हलवतात, पण हे त्यांना ऐकू आलं होतं, कारण त्यांनी लगेच विचारलं, "मंग रगात कुटं मिळंल?"

बाईंनी पुण्याला फोन केला. कुत्र्यांचं रक्त तिथे मिळत होतं, पण रस्त्याची ही अवस्था. यायला दुपार उलटणार होती आणि बाईंनी कुत्रीकडे पाहून, तोवर ही टिकणार नाही अशी मान हलवली. मग मला विचारलं, इथे जवळ एखादा मोठा कुत्रा आहे का? चांगला खाल्लाप्यालेला, सगळी इंजेक्शनं वेळेवर झालेला, आणि ज्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नाही असा.

आमच्या गावातले कुत्रे आमच्यासारखेच, हाडं मोजून घ्यावीत असे. पण एक होता.

गावाबाहेरच्या एका मुंबईकरांच्या बंगल्यावर एक काळा रॉटवायलर आहे. मान बैलाची, डोकं घमेल्याएवढं. वर्षअखेरीच्या पार्टीचा मंडप तिथे मी घालतो. एके वर्षी तो साखळीतून सुटला. पाहुणे आले तेव्हा यजमान त्यांना हार घालायला पुढे झाले आणि मी खुर्च्यांच्या उंच थप्पीवर, हातात झेंडूची माळ घेऊन, खाली बघत बसलो होतो. काही पाहुण्यांनी माझा फोटो काढला.

मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बंगल्यावरच्या मावशींना फोन लावला. मावशी मूळच्या लोहगडवाडीच्या. त्या आणि त्यांचा नवरा तिथे राखणीला असतात. मी सगळं सांगितलं.

"काळ्याचं रगात?" मावशी म्हणाल्या. "आन् काडनार कोन?"

डॉक्टरीण बाई, मी म्हणालो.

"आन् त्याला धरनार कोन?"

तेही बाईच बघतील, असं मी ठोकून दिलं. मग मावशी म्हणाल्या की मालकांना इचारते, आणि फोन ठेवला. मालकांनी मुंबईहून होकार दिला, फक्त एक अट घातली की त्याच्या कामगिरीचा फोटो पाठवा. नवरा गाडी काढतोय, आतल्या गल्ल्यांनी येतो, असं मावशींनी परत फोन करून सांगितलं, आणि मी आनंदाने आत वळलो.

बाई पलीकडच्या खोलीत रक्ताची पिशवी आणि केस काढायचं यंत्र तयार करत होत्या. भाऊ टेबलाशी उभे होते. एक हात कुत्रीच्या डोक्यावर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चक्रीवर. नळीत थेंब पडायचे तिथे आता धार लागली होती. खाचराला पाटाचं पाणी सोडून बांधावर उभं राहिल्यावर माणसाचा चेहरा जसा असतो, तसा त्यांचा होता. आणि खरंच, कुत्रीने डोकं उचललं होतं. तिची शेपटी टेबलावर हलकेच आपटली.

"बग, उटली," भाऊ मला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी त्यांच्याकडे बघत होतो आणि त्यांच्या कोपराखालून मला ती पट्टी दिसली. पांढऱ्या पट्टीवर एक डाग पसरत होता. लाल नाही, फिकट गुलाबी. मी रंगाचा माणूस. रंग महाग झाला की आम्ही फुग्यात पाणी वाढवतो, तेव्हा जो रंग येतो तो हा. फरक इतकाच की आमचा फुगा संपतो आणि हे टेबलाच्या कडेवरून जमिनीवर ओघळायला लागलं.

मी बाईंना हाक मारली. कशी मारली ते आठवत नाही, पण गल्लीतली चार माणसं दारात आली म्हणतात.

बाईंनी चक्री बंद केली, भाऊंना खांद्याला धरून बाजूला केलं आणि दोन्ही मुठी जखमेवर रोवल्या. मला म्हणाल्या की काका, हातमोजे घाला आणि हा पाय असा वर धरा. मी डोळे मिटून पाय धरला. बुबुळांत काजवे, कानात घंटा. मला वाटलं मी पडणार, आणि ह्या वेळी गिरकी नाही, टाळ्या नाहीत, नुसता धोंड्यासारखा पडणार. बाई कळ कमी करायचं औषध देत होत्या, चिमटे मागत होत्या, स्वतःच घेत होत्या. अखेर त्या पुटपुटल्या, सापडली. फाटलेली शीर चिमट्यात आली होती. त्यांनी ती दोऱ्याने बांधली. रक्त थांबलं.

मी डोळे उघडले. बाई कुत्रीचा ओठ उचलून पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की थांबायला मुळात फारसं उरलंच नव्हतं. हिरडी आता कागदासारखी. श्वास भरभर, वरवर, पळून आल्यासारखा.

भाऊ भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, पुन्हा कशाला लागू नयेत म्हणून.

"माज्या हातानं झालं," ते म्हणाले.

खोटं बोलायचं तर त्यांच्या कानाशी जाऊन, ओरडून बोलावं लागलं असतं, आणि ओरडून सांत्वन करता येत नाही.

मग काळा आला. म्हणजे आधी त्याचा श्वास आला, मग साखळीचा आवाज, मग साखळीच्या टोकाला ओढल्या जाणाऱ्या मावशी. दारातली चार माणसं नाहीशी झाली. बाईंनी त्याच्या नाकपुडीशी हात नेला, छाती ऐकली, ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या. मीही लांबून पाहिल्या. डाळिंबाच्या दाण्यासारख्या. त्याच्या रक्ताचा एक थेंब आणि लाल कुत्रीचा एक थेंब त्यांनी काचेच्या पट्टीवर एकत्र करून उजेडात धरला. दूध नासल्यासारख्या गाठी दिसल्या तर हे रक्त द्यायचं नाही, म्हणाल्या. बाई, मावशी आणि मी माना वाकवून त्या काचेकडे बघत राहिलो. गाठी झाल्या नाहीत. ही चाचणी अगदी साधी आहे, पण काहीच न बघण्यापेक्षा बरी, असं बाईंनी सांगितलं. ते त्यांनी सांगितलं नसतं तर मला अधिक आवडलं असतं.

काळ्याच्या तोंडाला मुसकं बांधलं. गुंगीचं औषध द्यायचं नव्हतं, नाही तर त्याच्याच रक्ताचा जोर उतरला असता. मानेच्या शिरेत सुई लावायची आणि पिशवी भरेपर्यंत त्याने हलायचं नाही. पिशवी खाली, जमिनीजवळ, मावशींनी हळूहळू डोलवत ठेवायची, म्हणजे आतलं औषध मिसळून रक्त गोठत नाही. सुई बाईंकडे. भाऊ हात मांड्यांखालून काढायला तयार नव्हते. राहिलं डोकं.

"काका, तुम्ही डोकं छातीशी धरा," बाई म्हणाल्या. "आणि बोलत राहा. आवाज खालचा ठेवा, तुटू देऊ नका. त्याचं लक्ष तुमच्याकडे राहिलं पाहिजे."

आयुष्यभर लोकांनी मला बोलणं थांबवायला सांगितलं आहे. बायकोने, शिक्षकांनी, ग्रामसभेने. बोलत राहा असं मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं, आणि तेही एका रॉटवायलरशी.

मी ते डोकं मिठीत घेतलं. आत कुठेतरी खोल गुरगुर चालू होती. ती कानाला ऐकू येत नव्हती, माझ्या बरगड्यांना ऐकू येत होती. मी वग सुरू केला. राजा झालो, राणी झालो, हवालदार झालो, सगळं कुजबुजत. राणीच्या विलापाला तो जरा शांत झाला. प्रधानाच्या कारस्थानाला गुरगुर वाढली, तेव्हा प्रधान गाळला. सुई लागली तेव्हा त्याचं अख्खं अंग दगड झालं आणि त्याचा एक डोळा माझ्याकडे फिरला. इतक्या जवळून मी माझ्या बायकोचाही डोळा कधी पाहिला नव्हता. वग संपला. पिशवी भरत आली नव्हती. मी क्षणभर थांबलो आणि गुरगुर माझ्या दातांपर्यंत आली.

मग मी त्याला त्याच्याच मालकांच्या पार्ट्यांचं सांगायला लागलो. कोण कोणाबरोबर येतं आणि कोणाबरोबर जातं, मंडपामागे उभं राहून कोण रडतं, पोहायच्या तलावात कोण कपड्यांसकट पडलं आणि कोणी ढकललं. मावशींचे खांदे हसून हलायला लागले. बाई नुसतं म्हणाल्या की मावशी, पिशवी. काळ्याने एक लांब उसासा टाकला आणि आपलं सगळं वजन माझ्या मांडीवर सोडलं. माझा पाय बधिर झाला, पण मी बोलत राहिलो. तो झोपला नव्हता. तो ऐकत होता. असा श्रोता मला जत्रेत कधी मिळाला नाही.

सुई निघाली, मानेवर कापूस दाबून धरला, मुसकं सुटलं. त्याने दोन उकडलेली अंडी खाल्ली, पाणी प्यायला, बाहेर जाऊन माझ्या पिकअपच्या चाकावर पाय वर केला आणि मावशींना ओढत निघून गेला. फोटो काढायचा राहिला.

आता ती लाल पिशवी टेबलावर टांगलेली होती, तिच्या नळीत बारीक जाळी होती, आणि बाईंनी चक्री इतकी थोडी उघडली की पहिला थेंब पडायला मी श्वास धरून बसलो. सुरुवातीला अगदी सावकाश जायला हवं, त्यांनी समजावलं. दुसऱ्याचं रक्त अंगाला मानवलं नाही तर ते लगेच दिसतं. तोंड सुजतं, उलटी होते, अंगावर गांधी उठतात, हुडहुडी भरते. तसं काही झालं तर थांबवायचं.

मग त्या भाऊंच्या समोर खाली बसल्या.

"आबा, तिच्या छातीवर हात ठेवा. थरथरली तर मला सांगा."

"माजा हात नगं," भाऊ म्हणाले.

"चक्री माझ्याकडे आहे. मला तुमचा हात हवाय. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?"

भाऊंनी हात मांडीखालून काढला, त्याच्याकडे पाहिलं, पाटलोणीला पुसला आणि उठून तिच्या बरगड्यांवर ठेवला. थेंब पडत होते. बाहेर कोणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली. भाऊंना ती ऐकू आली नाही, कुत्रीलाही नाही, आणि तिला ऐकू आली नाही याचीच मला भीती वाटली.

"थांबवा," भाऊ एकदम म्हणाले. "थरथरतीय."

मला काही दिसलं नव्हतं. बाईंनी चक्री बंद केली. तापमान पाहिलं, पोटावरचे केस उलटे करून कातडी पाहिली, ओठ आणि पापण्या पाहिल्या, काळीज ऐकलं. त्या पाहत होत्या तोवर मी मनात त्या काळ्याला, स्वतःला, डुकराला आणि टायगर पॉइंटला मिळेल तो दोष देऊन घेतला. शेवटी बाई म्हणाल्या की गांधी नाहीत, सूज नाही, अंग गार पडलंय म्हणून कुडकुडतेय. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या कुशीला लावल्या, वरून माझा मंडप घातला, आणि थोडं थांबून पुन्हा एक थेंब, पुन्हा एक. भाऊंचा हात तिथेच होता. थरथर हळूहळू विरली.

उन्हं दारातून आत आली तेव्हा बाईंनी ओठ उचलून मला बोलावलं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याला असतो तितका, फार नाही, पण गुलाबी रंग होता.

मुलगी घोरावाडीहून आली ती मोठी पिशवी घेऊन. गावातून कोणीतरी तिला कळवलं होतं आणि ती करार पाळायला निघाली होती. तिने विचारलं, जगेल का. बाईंनी सांगितलं की उद्या सांगते, आजची रात्र मी इथेच आहे. मुलगी भाऊंच्या कानाशी वाकून म्हणाली, आबा, मी न्यायला आलेय. भाऊ वाद घालतील अशी मी वाट पाहत होतो. त्यांनी नुसतं विचारलं की तुज्याकडं खाट हाय का, का खाली निजायचं. तो दिवसभरातला सगळ्यात वाईट क्षण होता. पांढऱ्या हिरडीपेक्षा वाईट.

कुत्री वाचली. दुसऱ्या दिवशी तिने पाणी प्यायलं, तिसऱ्या दिवशी बाईंचा बूट चावला. मुलगी रिकामी पिशवी घेऊन परत गेली, जाताना जरा रागातच. घरी सोडताना बाईंनी एक गोष्ट सांगून ठेवली. ह्या वेळी परकं रक्त पहिल्यांदाच आत गेलं, म्हणून तिच्या अंगाने ते घेतलं. आता अंगाला त्याची ओळख झाली. पुन्हा कधी असं झालं तर काळ्याचंच रक्त तिला घातक ठरू शकतं, पुण्याला नेऊन सगळी तपासणी करूनच द्यावं लागेल. भाऊंनी आयुष्यात काही नीट ऐकलं असेल तर हे.

या वर्षी भात पुन्हा पिवळं पडलंय आणि डुकरं पुन्हा यायला लागली आहेत. उजाडायच्या आधी भाऊ कुत्रीला घरात कोंडतात, बाहेरून कडी घालतात आणि काठी घेऊन एकटेच खाचरात उतरतात. मुलीला हे माहीत नाही. मी त्यांना सांगून पाहिलं की कान घरात ठेवून तुम्ही कुठे निघालात. ते म्हणाले, "तिला पुन्यांदा काय झालं तर रगात कुटनं आणू?" तुम्हाला काही झालं तर, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मान हलवली. ही ऐकू न आल्याची मान होती, किंवा त्यांनी तशी दाखवली.

म्हणून आता मीही जातो. तंबूची लोखंडी खुंटी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन मी पुढे, भाऊ मागे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. परवा उजेड फुटत असताना खालच्या खाचरात काहीतरी खसखसलं. मी जागीच थांबलो. दोन बांधांपलीकडे भाताची कणसं हलत होती आणि वारा नव्हता.

"हाय का?" भाऊंनी विचारलं. बहिरा माणूस विचारतो तसं, रानभर जाईल अशा आवाजात.

कणसं हलायची थांबली. डबा वाजवायचा होता, पण हात उचलेना. मागे, कडी घातलेल्या घरात, कुत्री भुंकायला लागली होती. दारावर अंग टाकून, घसा फुटेपर्यंत भुंकत होती. ते मला ऐकू येत होतं. भाऊ मात्र माझ्या उत्तराची वाट पाहत होते.